हप्त्यातून एक दिवस

चहा उकळू दे, तवरोक अध्यक्षाची गोठ सांगते. माह्या पोरीले, गुड्डीले, ऐकू कमी येते. तिले शिकवाले फिरत्या मॅडम हप्त्यातून एकच दिवस शाळेत येत. आणखी दिवस पाह्यजे, तर शाळा समितीनं तालुक्याले मागणी करा लागे. म्हणून मी समितीच्या अध्यक्षाकडं गेली.

तो म्हणे, "वहिनी, गुड्डी शांत बसते, कोणाले तरास देत नाही. तिले हप्त्यातून एक दिवस लय झाला."

"अवो भाऊ, ऐकू येत नाही म्हणूनच शांत बसते!"

पण ऐकते कोण?

दिवाळीनंतर त्याचा बीटी कापूस सारा एकदमच फुटला. वेचणाऱ्या बायांची टोळी माह्या हातात. सकाळीच अध्यक्ष दारात हजर. "वहिनी, उद्यापासून रोज टोळी आणा."

म्या म्हणलं, "काऊन? कापूस शांत उभा हाये, कोणाले तरास देत नाही. त्याले हप्त्यातून एक दिवस लय झाला."

"अवो, गळून मातीत जाईन ना!"

"अन् माह्या पोरीचं वरीस कुठी जाऊन राह्यलं, भाऊ?"

टोळी घरीच बसली. मागणी तालुक्याले गेली, तवाच आमी कमरेले कापसाची ओटी बांधली.