तालमीतली गोळी

मी पुन्हा नाटकातसुद्धा बंदूक हातात धरणार नाही, सांगून ठेवतो. पुढच्या वर्षी आयर्लंडच्या यादवीला शंभर वर्षं होणार, म्हणून कासलबारजवळच्या आमच्या गावात त्यावरच्या नाटकाची तालीम होती. गोळी झाडणाऱ्याचं काम कुणीच घेईना. मारणाऱ्यांची आणि मेलेल्यांची नातवंडं इथे एकाच चर्चमध्ये जातात ना! मला म्हणाले, “तू बाहेरचा. तुझा कोण राग धरणार?”

मी लाकडी बंदूक रोखली, समोरचा पडला आणि पॅट उठून निघून गेले. पॅट म्हणजे लॉकडाऊनभर माझ्या दारात दूध आणून ठेवणारे म्हातारे शेजारी. त्यांच्या आजोबांना असंच मारलं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, “पॅट, ते नाटक होतं हो. मी तुमचा शेजारी आहे.”

दार लावता लावता ते म्हणाले, “तेव्हाही शेजाऱ्यानेच मारलं होतं.”