लिहिणारा मीच!

नाव नव्हतं हो लिहिलं मी! तीच तर सोय ना त्यात? आमच्या उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या मोहल्ल्याचा फोनवरचा ग्रुप, टोपणनावानं कुणीही घुसावं, काहीही खरडावं... तुम्हाला सांगतो, एका लग्नात पहाटेच्या ओशला, म्हणजे मांस घातलेल्या पुलावाच्या पंगतीला, दोघांत एक परात, समोरच्यानं मांस कधी लंपास केलं देव जाणे, मला भात आणि एक हाड! एक! तणतणत घरी आलो, 'सत्यवचनी' म्हणून ठोकून दिलं, "कढईतलं मांस तुर्गुन आचाऱ्याच्या घरी जातं!" पाहिलं होतं का मी? छे! पण नाव कुठं लिहिलं होतं?

झालं! सगळ्यांना ती काळ्या दगडावरची रेघ! चाळीस वर्षं कढईपुढे उभा राहिलेला माणूस, त्यानं कढईच पालथी घातली. "तो हरामखोर सापडेपर्यंत चूल पेटणार नाही!" आणि गुरुवारी माझ्या पोरीचं, ओयदिनचं लग्न! पहाटे तीनशे माणसं येणार, त्यांना काय, चहा पाजू? दुसरा आचारी बघावा, तर सगळे तुर्गुन-अकाचेच, आमच्या तुर्गुनदादाचेच चेले!

गेलो. म्हटलं, "अका, लिहिणारा मीच."

तर हसला हो! "मुहिद्दीन, पोरीच्या लग्नासाठी दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेतोस? बाप असावा तर असा!"

अहो, मीच! घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, नाव, बापाचं नाव, घर नंबर सतरा... पाच मिनिटांत उत्तरं, "मुहिद्दीनचा फोन चोरलाय कुणीतरी!" बिननावाचं खरं, आणि नावानिशी लिहिलेलं खोटं? डोकं आपटावं कुठं?

शेवटी नान उचलला. नान हातात घेऊन आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही, डोळे जातात माणसाचे. तुर्गुन-अकासमोर तो डोळ्यांना लावला, म्हटलं, "या नानची शपथ, मीच लिहिलं!"

पांढराफटक पडला. "अरे... पोरीसाठी नानवर खोटं बोललास?" आणि गळ्यात पडून ढसाढसा रडला! मीही रडलो, लाजच तेवढी वाटत होती. मग त्यानं कढई सरळ केली. "शिजवतो. फुकट शिजवतो! पण तो सत्यवचनी सापडला ना, तर आधी मला सांग."

"सांगतो," म्हटलं... काय करणार?