मेन्लिखेनच्या दशम्यांबाबत

आधी हे लिहून घ्या की मी चोर नाही. विजयकुमार देशमाने यांना मी दीड महिना एकच विचारतोय, माझा पासपोर्ट कुठे आहे. ते दीड महिना एकच सांगतायत, वकिलातीत आहे. वकिलातीत नव्हता. तो मला काचेतून दिसला. इथले पोलीस साहेब म्हणाले, आधी नाव-गाव. तर नाव-गाव असं.

दिगंबर सोपान घुले, वय २७, काम भारतीय हॉटेलात आचारी, शिक्षण सातवी, मूळ राहणार सिन्नर, जिल्हा नाशिक, हल्ली राहणार कावासाकी, हॉटेलच्या माडीवरची खोली. आज शनिवार, ता. १२ ऑगस्ट २००६ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष बसून सांगतो. मला जपानी कामापुरतं येतं. म्हणून दुभाषी सुलेखाताई माझं बोलणं मराठीत लिहून घेतात आणि साहेबांना जपानीत सांगतात.

विजयकुमार हे पुण्याचे, इथे कॉम्प्युटर कंपनीत आहेत. मी त्यांना विजयसर म्हणतो. त्यांची बायको सुनीतावहिनी. दोघं दर रविवारी आमच्या हॉटेलात जेवायला येत. मार्चमध्ये विजयसर मला म्हणाले, ऑगस्टमधल्या ओबोनच्या सुट्टीत आम्ही चार घरं मिळून स्वित्झर्लंडला जातोय, पुण्याहून आईही येतेय, तू आचारी म्हणून चल. आपल्याकडच्या टूरवाल्यांबरोबर आचारी असतोच, हे मला माहीत होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. मी पगाराचं विचारलं. ते म्हणाले, पगार कसला, तिकीट आमचं, राहणं आमचं, आमच्याबरोबर फिरायचं. मी हो म्हणालो. तीन वर्षांत मी जपानचा एकही डोंगर पाहिलेला नाही. हॉटेल आणि स्टेशन, एवढंच.

त्यानंतर दर रविवारी दुपारी हॉटेल बंद झालं की मी त्यांच्या घरी जायचो. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा. विजयसरांना रोज एक शिखर हवं होतं. आज युंगफ्राऊ, उद्या दुसरं, सगळं आगगाडीने आणि दोरावरच्या पाळण्याने. वहिनी म्हणायच्या, "अहो, सासूबाईंचे गुडघे बघा आणि तुमची यादी बघा." जूनमध्ये सरांची आई आली. अरुणाकाकू, वय अडुसष्ट. त्या म्हणाल्या, "मला डोंगर खिडकीतून दाखवू नकोस विजय. मला त्याच्यावर चालायचंय. थोडं चालेन, पण चालेन."

तेव्हा मी चित्रांच्या पुस्तकात मेन्लिखेन डोंगराची वाट शोधली. पाळण्याने वर जायचं आणि मग डोंगराच्या कडेकडेने उताराने चालत यायचं. पायऱ्या नाहीत, चढ नाही, मध्ये बसायला बाक. मी काकूंना चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "दिगू, तू धरशील ना मला? विजय पुढे पळतो." मी म्हटलं, धरीन. सरांनी यादीच्या सुरुवातीलाच मेन्लिखेन लिहिलं आणि म्हणाले, "घ्या, फूड मिनिस्टर आता टुरिझम पण बघायला लागले." सगळे हसले. मीही हसलो.

कुठल्या डोंगरावर काय खायचं ते मी ठरवलं. थंडीत दही नको, चटणी कोरडी हवी. तिथल्या खोल्यांमध्ये फोडणी दिली की धुराची घंटा वाजते असं सरांनी सांगितलं. म्हणून पिठल्याचं पीठ इथेच भाजून, त्यात फोडणी कालवून न्यायचं ठरलं. नुसतं उकळतं पाणी ओतलं की झालं. मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू. मेन्लिखेनला दुधातल्या दशम्या, कारण काकूंना दात कमी.

जूनच्या शेवटी विजयसरांनी व्हिसासाठी माझा पासपोर्ट, दोन फोटो आणि मालकांचं रजेचं पत्र घेतलं. आमचे मालक बाळासाहेब पत्र देत नव्हते. ते म्हणाले, "तुझ्या पायाला भिंगरी आहे हे मला माहीत आहे, पण ही माणसं तुला नेणार नाहीत. जेवायला बोलवतात का तुला? की करायला?" मी त्यांना वेडंवाकडं बोललो. तुम्हाला माझं बरं बघवत नाही, असं म्हणालो. त्यांनी सही केली आणि ऑगस्टसाठी दुसरा आचारी बघितला.

निघायचं आज, शनिवारी सकाळी, योकोहामाच्या बस स्थानकावरून विमानतळाच्या बसने, असं मला सांगितलेलं होतं. सगळा खाऊ शुक्रवारी रात्री करून ताजा आणतो, असं मी म्हणालो होतो. सोमवारी वहिनींचा फोन आला की सगळं बुधवारीच आणून दे. मी म्हटलं, वहिनी, बाकीचं देतो, पण दशम्या आत्ता केल्या तर शनिवारी निघेपर्यंत कडक होतील, काकूंना चावणार नाहीत. त्या म्हणाल्या, "होऊ देत रे. बॅगांचं वजन करायचंय." मी दूध जास्त घातलं आणि लोणी लावून एकेक कागदात गुंडाळली. बुधवारी नेऊन दिलं. दारातच घेतलं. आत ये म्हणाले नाहीत. दशम्या बुधवारी कुणी कशाला मागेल, हे आचाऱ्याला कळायला पाहिजे होतं. मला कळलं नाही.

आज सकाळी मी बॅग घेऊन बस स्थानकावर गेलो. कुणी आलं नाही. बस गेली, पुढचीही गेली. विजयसरांचा फोन बंद. मला वाटलं, काकूंना काही झालं असेल. म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. शेजारच्या जपानी बाई कचरा ठेवायला बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, देशमाने-सान गुरुवारी गेले, मोठ्या बॅगा घेऊन.

त्यांचं घर तळमजल्यावर आहे. मी बाजूने जाऊन गॅलरीच्या कठड्यावरून वर चढलो, हे खरं आहे. काच फोडली नाही, दार ओढलं नाही. हात काचेला लावला, कारण आत बघायला डोळ्यांवर सावली धरावी लागते. टेबलावर माझी निळी फाईल होती. वर माझे फोटो तसेच, पत्र तसंच, पासपोर्ट तसाच. मी तिथेच बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. शेजारच्या बाईंनी पोलिसांना बोलावलं. त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या खिशात परदेशी नागरिकाचं कार्ड होतं, ते मी लगेच दाखवलं. घरफोडी करायला आला असं लिहिलं गेलं तर मला इथून परत पाठवतील, हे मला समजतं. म्हणून सगळं सांगतोय.

संध्याकाळी साहेबांनी माझ्यासमोर विजयसरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडे स्वित्झर्लंडला दुपार होती. सर साहेबांशी जपानीत बोलले. सुलेखाताईंनी ते मला मराठीत सांगितलं. सर म्हणाले, हा आमच्या ओळखीच्या हॉटेलातला आचारी. आम्ही त्याला खाण्याच्या वस्तूंची ऑर्डर दिली होती, त्याचे पैसे दिले. टूरमध्ये तो नव्हता, टूर फक्त घरच्यांची आहे.

मी मधे बोललो. ते आठवेल तसं सांगतो.

"सर, मी दिगंबर. माझा पासपोर्ट तुमच्या टेबलावर आहे."

"अरे दिगंबर! तू पोलिसांत कसा? अरे, तुझा व्हिसा अडकला होता. मी तुला सांगणारच होतो."

"फॉर्म भरला होता का, सर?"

"बघ, ऑफिसचं इतकं चाललं होतं... आणि बाकीच्यांचं म्हणणं पडलं की, म्हणजे बसायला, राहायला, ते अवघडल्यासारखं होईल. तुलाच अवघड झालं असतं. वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू."

"कधी ठरलं हे?"

 मागे कसला तरी आवाज येत होता, टण टण असा, लांबून. साहेबांनी विचारलं, हा आवाज कसला. तेवढ्यात अरुणाकाकूंनी फोन घेतला.

"दिगू का रे? ताप उतरला का? विजय म्हणाला तुला एकशे दोन ताप भरला म्हणून आला नाहीस. अरे, आम्ही तुझ्याच वाटेवर आहोत. बाकावर बसलेय मी. गाई बघ किती जवळ आल्यात, एकेकीच्या गळ्यात एवढी मोठी घंटा. ऐकतोयस ना? तुझी दशमी खाल्ली. चांगली मऊ राहिलीय रे!"

मी म्हणालो, ऐकतोय काकू.

"औषध घे. अंगावर काढू नकोस. बरं वाटतंय का आता?"

मी म्हणालो, बरं वाटतंय. उतारावर सुनीतावहिनींचा हात धरा. काकूंना सुलेखाताई किंवा साहेबांनी काही सांगू नये, अशी मी खूण केली. त्यांनी सांगितलं नाही.

मग सर परत बोलले. त्यांच्या घराची एक किल्ली त्याच सोसायटीत आदित्य नावाच्या सहकाऱ्याकडे आहे. उद्या पोलिसांसमोर तो दार उघडेल आणि फाईल मला देईल, असं ठरलं. घरातलं काही गेलेलं नाही आणि माझ्यावर त्यांची तक्रार नाही, हे सरांनी साहेबांना दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, मग आमच्याकडून विषय संपला, पुन्हा कुणाच्या गॅलरीत चढायचं नाही. मी कबूल केलं.

साहेबांनी विचारलं, तुमची देशमाने यांच्याविरुद्ध तक्रार आहे का. मी विचार केला. पासपोर्ट मीच हातात दिला, तो उद्या परत मिळतोय. खोटं बोलले, पण तसं लिहिलं तर ते काकूंपर्यंत जाणार. त्यांची सुट्टी अजून पुष्कळ उरलीय. तक्रार नाही. बाळासाहेबांना फोन करून रात्रीच्या कामाला येऊ का विचारलं. ते म्हणाले, "ये. जेवून ये नाहीतर इथे जेव." एवढंच म्हणाले.

हा सगळा मजकूर सुलेखाताईंनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. त्यात माझ्या पदरचं काही वाढवलेलं नाही. काही गाळलं असेल तर ते मीच गाळलं. सही करतो.

सहीच्या खाली एक ओळ घ्या, ताई. ऑर्डरचे पैसे दिले असं सर म्हणाले. ती ऑर्डर नव्हती. ते पैसे त्यांनी पीठ, दाणे, दूध, लोणी आणायला दिले होते. सामान त्यांच्याच पोटात गेलंय, तरीही पैसे परत पाठवतोय, म्हणजे मी त्यांना काही विकलं असं कुणाला म्हणता येणार नाही. सोमवारी पोस्टातून, रोख पैशाच्या पाकिटाने, देशमाने यांच्या पत्त्यावर, अरुणाकाकूंच्या नावाने नाही, विजयसरांच्याच नावाने: तीस हजार येन.