साखरेची जागा

डब्यांच्या दुकानात, पैसे द्यायच्या रांगेत, माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीच्या हातात रिकाम्या डब्यांची उतरंडच होती.

“ताई, अजून डबे? तुझं घर आधीच औषधाच्या दुकानासारखं झालंय. जिथे तिथे चिठ्ठ्या!”

“मला पसारा सोसत नाही बाई. आणि आता आई राहायला आलीय. सगळ्यांवर नावं लिहिलीत, तरी पाहुण्यासारखी विचारते, ‘साखर कुठे गं?’”

“तिला कुठली चिठ्ठ्यांची सवय? आपलं काही हरवलं की काय विचारायची, आठवतं?”

“‘आधी कुठे शोधलंस?’”

“आणि वस्तू सापडली की पुढे आपण आधी शोधलेल्या जागीच ठेवायची. माझी कात्री बाबांच्या बुटांशेजारी, कारण मी वेंधळी तिथेच बघायचे.”

“माझ्या रिबिनी रेडिओमागे. लोक हसायचे गं आपल्या घराला.”

“पण परत कधी काही हरवलं?”

“नाही.”

“काल साखर शोधताना आईने आधी कुठे बघितलं?”

“खिडकीत. जुन्या घरी तिथेच असायची ना बरणी.”

“मग?”

“अगं, खिडकीत मुंग्या येतील!”

“येऊ देत. त्यांनाही लाव चिठ्ठ्या.”

गल्ल्यावरच्या माणसाने विचारलं, “ताई, सगळे डबे घ्यायचे ना?”

थोरलीने डब्यांची उतरंड गल्ल्यावर ठेवली.

“नको. एकच द्या. खिडकीत मावेल असा. झाकण मात्र घट्ट हवं.”