जमिनीने घेतलेली माणकं

इवेट : बर्थाआत्याच्या कपाटात ही बाटली सापडली, ओदिलमावशी. तळाशी लाल कण आहेत, मोहरीहून बारीक. वर चिठ्ठी आहे : ‘जमिनीने घेतलेली. ३ डिसेंबर १९३६.’

ओदिल : काय लिहिलंय? परत वाच.

इवेट : ‘जमिनीने घेतलेली.’ मला वाटलं उंदराचं औषध. टाकूनच देणार होते.

ओदिल : अगं, घड्याळातली माणकं ही. चाकांचे आस यांच्यावर फिरतात. टाक हो, आणि सोबत ही काळी जमीनही उखड. उद्या सुतार येतोय ना?

इवेट : टोमणे मारू नका. शिवणवर्ग काढतेय मी इथे. डांबरावर बायकांना बसवलं तर रस्त्यावर बसल्यासारखं वाटेल. ओकच्या फळ्या घालणार आहे.

ओदिल : ओकच्याच होत्या. छत्तीस सालापर्यंत. तुझ्या आत्याच्या या कारखान्यात आम्ही सहाजणी होतो. मी सोळा वर्षांची, माझी बहीण लेआ बावीसची. माणकं बसवावीत तर लेआनेच. पण शिंक आली की माणिक गेलंच. फळ्यांच्या फटीत काय काय गेलं असेल ते देवाला ठाऊक. त्या नोव्हेंबरात सात माणकं कमी भरली. आम्हाला काम देणाऱ्या मोठ्या कारखान्याचा माणूस आला आणि बर्थाबाईंना म्हणाला, त्या पोरीला काढा, नाहीतर आमचं काम बंद.

इवेट : आणि आत्याने काढलं?

ओदिल : ‘थोडे दिवस घरी बस’ म्हणाल्या. बाकीचं सगळं गावच बोललं. पाववाल्याकडे लेआ गेली की बायका पिशव्या छातीशी धरायच्या. आईने तर तिच्या गादीचं कापड उसवून पाहिलं. सख्ख्या आईने.

इवेट : मला हे कुणीच सांगितलं नाही.

ओदिल : कोण सांगणार? मग एमील आला. प्रेस्ताच्या डांबराच्या खाणीतला. तेव्हा तो खाली चीजच्या तळघरात डांबराची जमीन घालत होता, कारण तिथे रोज पाणी ओतून धुवावं लागतं आणि डांबरातून थेंब झिरपत नाही. त्याने ही हकिकत ऐकली, सरळ इथे आला, टोपीसुद्धा न काढता. म्हणाला, ‘बाई, चोर तुमच्या पायाखाली आहे. फळ्या काढू द्या, डांबर घालतो.’

इवेट : आत्या चिडली असेल.

ओदिल : चिडल्या. म्हणाल्या, सोमवारी माल द्यायचाय, जमीन फोडून बसू? सिमेंट केलं तर महिनाभर वाळत बसेल, वर धूळ सुटेल ती वेगळी. फरशी घातली तर सांधे आलेच, आणि वस्तू पडली की फुटते. तुझं ते डांबर रस्त्यावर घाल. तो म्हणाला, ‘सकाळी ओततो, संध्याकाळी नाचा. एकही सांधा सापडला तर पैसे देऊ नका.’

इवेट : काय आगाऊ माणूस.

ओदिल : आगाऊच. गुरुवारी फळ्या निघाल्या. खाली वीतभर धूळ. बर्थाबाई पांढरी चादर पसरून, पिठाची चाळणी घेऊन गुडघ्यांवर बसल्या. आम्हाला हात लावू दिला नाही. एकेचाळीस माणकं निघाली. इवलाले स्क्रू तर ओंजळभर. त्यांनी ती उचलली, आत गेल्या, कपाट लावल्याचा आवाज आला. बस. बाहेर येऊन एमीलला म्हणाल्या, ‘ओत उद्या.’

इवेट : म्हणजे हीच ती माणकं.

ओदिल : हीच. दुसऱ्या दिवशी सेंट बार्बाराचा, खाणकामगारांच्या संतिणीचा सण, खाणीला सुट्टी. सोबतच्या चौघांनी सण सोडला, पण जेवण सोडलं नाही. पहाटेच कढईत डांबर उकळत ठेवलं आणि डुकराची अख्खी मांडी कागदाच्या थरांत गुंडाळून त्यातच शिजायला बुडवली, खाणीतली रीतच ती. जमीन आणि जेवण एकाच कढईत. एमील गुडघ्यांवर बसून लाकडी थापीने डांबर पसरत मागे सरकत होता, भाकरीवर हात फिरवावा तसा. दुपारी तीनला दारातून बाहेर पडला.

इवेट : आणि संध्याकाळी खरंच नाचलात?

ओदिल : आधी बर्थाबाई आल्या, बूट हातात घेऊन, मोज्यांवर. चिकटतील म्हणून. दोन पावलं टाकली आणि तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हे तर कोमट आहे.’ एमील म्हणाला, ‘कायमचं नाही राहणार, पण दगडासारखं गारही पडणार नाही.’ मग अ‍ॅकॉर्डियन आलं. आमच्या पायांत लाकडी बूट, पण खडखडाट नाही, धूळ नाही. इतकी माणसं नाचत होती आणि सूर स्पष्ट ऐकू येत होता.

इवेट : लेआमावशी आली होती?

ओदिल : एमील घरी जाऊन घेऊन आला. आईला काय बोलला कोण जाणे. बार्बाराच्या जेवणात त्या मांडीची पहिली काप यजमानणीची. बर्थाबाईंनी ती उचलली आणि लेआच्या ताटात ठेवली. ‘खा, वाळलीस’ म्हणाल्या.

इवेट : माफी नाही मागितली?

ओदिल : तो शब्द त्यांच्या तोंडात बसतच नव्हता. लेआ सोमवारपासून परत कामावर आली. तेहतीस वर्षं याच खिडकीशी बसली, एक माणिक कमी नाही. पडलं की काळ्यावर लाल ठिपका, वाकून उचलायचं. एमीलशी लग्न झालं, तीन मुलं झाली. एमील बहात्तर साली गेला. कारखान्याच्या माणसाची कुठेतरी वर बदली झाली. बर्थाबाई तुझ्यासमोरच गेल्या. खाण दोन वर्षांपूर्वी मिटली. मी आहेच, बडबडायला.

इवेट : आणि लेआमावशी?

ओदिल : नुशातेलला मुलीकडे आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची. अजून म्हणते, बाईंनी काप दिली, पण ‘तू घेतली नाहीस’ असं कधी म्हटलं नाही.

इवेट : थांबा. एक खाली टाकून बघते.

(इवेट बाटलीतलं एक माणिक जमिनीवर सोडते.)

ओदिल : दिसलं?

इवेट : वाकायच्या आधीच. मावशी, सुया, टाचण्या, बटणं. माझ्या बायकांचा सगळा दिवस फटीत गेला असता. सुताराला फोन करते, येऊ नको म्हणून.

ओदिल : त्याला सावकाश कर. आधी लेआला लाव, आणि ती चिठ्ठी वाचून दाखव.