एकटीची निदर्शनं

दक्षिण कोरियात, सोलला संसदेसमोरच्या थांब्यावर बांग आजोबा बसची वाट पाहत होते. शेजारी ‘मला उभी राहू द्या’ अशी पाटी धरलेल्या म्हातारीला पोलीस समजावत होता.

“आजी, एकट्याने निदर्शनं करायला परवानगी लागत नाही. दोघं झाली, की सभा होते.”

“म्हणून तर एकटी आलेय. उद्या तुझा नवा कायदा झाला, की एकटीलाही परवानगी लागणार ना?”

“माझा नाही हो, सरकारचा. पण ती पलीकडे पाटी घेतलेली बाई तुमच्याबरोबरचीच ना?”

“छे! चांगली वीस पावलं लांब आहे. तिची पाटी वाच.”

“‘मी त्या बाईला ओळखत नाही.’”

“झालं समाधान?”

“आणि आजोबा, तुम्ही? तुमची बस तर आत्ताच गेली.”

“जाऊ दे रे. इथे पुठ्ठा कुठे मिळेल?”