तिघांची मंडळी

बसा, बसा. मागं खांबाला टेकलेले दादा, तुम्हीसुद्धा सरका पुढं — प्रभूचं नाव घ्यायला बसलोय, एस.टी.ची वाट बघत नाही आपण! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. माझा गळा आता तुमच्या पेटीएवढा तरुण राहिलेला नाही.

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन आलोय. देवानं वचन दिलं. दिलं ना? आपण विश्वास ठेवला. ठेवला ना? आता ते वचन काही पुरं होताना दिसेना. दिवस नुसते चाललेत. मग मला सांगा — अशा वेळी माणसानं देवाला थोडा हातभार लावावा की नाही? जरासा! चिमूटभर लबाडी! स्वतःसाठी नाही हो, देवाच्याच कामासाठी!

काय? बोला की! ताई, तुम्ही मान हलवलीत — ती होय म्हणून, की नाही म्हणून? राहू द्या. आधी आख्यान ऐका, मग हलवा.

पाथर्डीच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की इथंच कुणाचीतरी सासुरवाडी निघायची आणि कीर्तन राहील बाजूला! त्या गावात ख्रिस्ती घरं नऊ. एक छोटंसं प्रार्थनामंदिर — दगडी भिंती, वर पत्रा, दाराशी लोखंडी घंटा. आणि त्या मंदिराची देखभाल करणारे लूकसबाबा आल्हाट. वय सत्तरच्या पुढं. पगार नाही, पद नाही. पण दर रविवारी झाडलोट करणार, घंटा वाजवणार, पाळक आला तर ठीक, नाही आला तर स्वतः प्रार्थना चालवणार.

बाबांचा आणखी एक गुण होता — हाड बसवायचे! कुणाचा हात निखळो, पाय मुरगळो, लूकसबाबांकडं चला. हिंदू असो, मुसलमान असो, बैल असो! एकदा बाबांनी हात लावला की माणूस आधी बोंबलायचा आणि मग हसत घरी जायचा.

आता त्या भागातली माणसं काय करतात? ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की आठ घरांना कुलपं! बाया, बाप्ये, लेकरं, कोंबड्या — सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि चालले दूर कारखान्यावर. पाच-सहा महिने तिथं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं. परत यायचं ते पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या तोंडावर.

त्या वर्षी बाबांचा मुलगा प्रभाकरही निघाला, बायकोला घेऊन. ट्रॉलीत चढता चढता म्हणाला, "बाबा, आता गावात हाय काय? ना पाणी, ना काम. ह्ये मंदिर हाय म्हणून परत यावं वाटतं बघा. न्हाईतर तिकडंच राह्यलो असतो."

बाबा म्हणाले, "लेका, तू ये. दार उघडं असंल."

ऐकलंत ना? बापानं मुलाला शब्द दिला. आणि कशाच्या जोरावर दिला? प्रभूच्या शब्दाच्या जोरावर! माझ्या नावानं दोघं-तिघं जरी जमले, तरी मी तिथं त्यांच्यात असेन, हे प्रभूचं वचन बाबांना लहानपणापासून पाठ. आणि गावात मागं राहिले किती? बाबा, त्यांच्या सगुणाबाई, आणि बाबांची थोरली बहीण मार्थाआत्या — जिला ऐकू येत नाही, पण बोलते मात्र गावाला ऐकू जाईल असं! किती झाले? तिघं!

पण मंडळी, जानेवारीत आलं एक पत्र. नगरच्या कचेरीतून. कोणत्या कचेरीतून ते विचारू नका, आपल्याच लोकांची होती. पत्रात काय? ज्या मंदिरात उपासनेला पंचवीस माणसं नसतील, ते बंद करावं. बाकं आणि घंटा दुसऱ्या मंडळीला द्यावी. याच महिन्याच्या चौथ्या रविवारी साहेब हजेरी घ्यायला येतील.

बाबा मटकन खाली बसले. सगुणाबाईंनी विचारलं, "कोण गेलं?"

"अजून न्हाई गेलं," बाबा म्हणाले. "पण चाललंय."

 मंदिराला कुलूप लागलं की प्रभाकर परत येणार नाही, हे बाबांना दिसत होतं. एकुलता एक मुलगा! नातवंडाचं तोंड बघायचं होतं त्यांना. आणि वचन? वचन होतं की हो! पण साहेब वचन मोजणार नव्हते, साहेब डोकी मोजणार होते!

मग बाबांच्या डोक्यात ती कल्पना आली. अहो, आपल्यालाही अशीच येते, फार हसू नका!

बाबा गेले कोंडिबा गर्जेकडं. कोंडिबा म्हणजे गावच्या भजनी मंडळाचा म्होरक्या आणि बाबांचा लहानपणापासूनचा मित्र. बाबांनी सगळं सांगितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "कोंडिबा, रविवारी तासभर माणसं देशील का बसायला?"

कोंडिबा म्हणाला, "तासभर? आरं, माझा खांदा तू दोनदा बसवला. दिवसभर बसतो!"

सगुणाबाईंच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "अहो, देवाच्या घरात भाड्याची माणसं?"

"भाड्याची कुटं? फुकट येत्यात!"

"मग तर अजूनच वंगाळ," सगुणाबाई म्हणाल्या. "त्यांच्या तुमच्यावरच्या मायेला बी खोटं बोलायला लावताय."

बाबांनी ऐकलं का? नाही! नवरे ऐकतात का? — भगिनींनो, एवढ्या जोरात "नाही" म्हणायचं नसतं, तुमचे शेजारीच बसलेत!

आला रविवार. बाबांनी घंटा वाजवली आणि मंदिर भरलं! चौतीस माणसं! टोपीवाले, फेटेवाले, नऊवारीतल्या बाया. एक बाई हळूच विचारते, "लूकसभाऊ, आमी कुकू झाकायचं का?" बाबा म्हणाले, "कशाला? देवानं दिलेलं कपाळ हाय, राहू द्या." बाबा लबाडी करत होते, पण तिथंही माणुसकी सोडली नाही!

दहा वाजता जीप आली. आधी साहेबांचं पोट उतरलं, मग साहेब उतरले. पांढरा झगा, बगलेत हजेरीचं रजिस्टर. आत पाऊल टाकतात तर काय — मंदिर गच्च! साहेबांचा चेहरा असा फुलला! "सलाम! सलाम! लूकसबाबा, इथं मंडळी नाही असं आम्हाला कुणी सांगितलं?"

आणि गाणं सुरू झालं. कोंडिबानं आठवडाभर तालीम घेतली होती हो! पखवाज आला, टाळ आले. आपल्या मंडळीत एक जण पुढं पळतो, एक मागं राहतो. इथं चौतीस गळे एका तालात —

थोडे आम्ही देवा, थोडे तुझे दास
तरी तुझा वास आम्हांमध्ये!

घ्या! चौतीस उसनी माणसं पत्रा हादरवून गातायत, "थोडे आम्ही"! साहेब डोळे मिटून डोलायला लागले. बाबांच्या जिवात जीव आला. साहेबांनी रजिस्टर उघडलं, आकडा लिहिला. झालं! वाचलं मंदिर!

पण मंडळी, साहेब इतके खूश झाले, इतके खूश झाले, की म्हणाले, "अशी जिवंत मंडळी पाहून मन भरलं. मी सोबत भाकर, प्याला, सगळं आणलंय. आज आपण प्रभुभोजन घेऊ! या, सगळे पुढं या!"

आता हो?

बाबांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्याला बाप्तिस्मा नाही, ज्याला हे काय आहे ते ठाऊक नाही, त्याला फसवून प्रभूच्या मेजाशी आणायचं? हजेरीत खोटं बोलणं वेगळं, पण ही भाकर! हा प्याला! जो प्रभू आपला शब्द पाळायला क्रूसावर गेला, त्याच्या मेजावर लबाडी वाढायची?

आणि गप्प बसलं तर? दोन मिनिटांचं काम! मंदिर राहतंय, मुलगा परत येतोय. कुणाला कळणार होतं?

कोंडिबा शेजारीच बसला होता. तो बाबांच्या कानाशी लागला. "लूकस, म्या घिऊ का? तू म्हणशील तर घेतो. तुझ्यासाठी कायबी करीन. पण तुझ्या देवाला चालंल का रं?"

अरे देवा! जो प्रश्न बाबांनी स्वतःला विचारायचा, तो मित्रानं विचारला!

बाबा उभे राहिले.  म्हणाले, "साहेब, थांबा. पुढं जाऊ नका. ही मानसं माझी हायेत, मंडळीची न्हाईत. माझ्या शब्दाखातर आली. त्यांचा दोष न्हाई. आमी हितं तिघंच हाय. म्या खोटं बोललो. लिव्हा तुमच्या वहीत — तीन. आन लावा कुलूप."

आणि म्हातारा रडायला लागला. भर सभेत, लहान मुलासारखा.  तेवढ्यात मार्थाआत्या मोठ्यांदा म्हणाली, "एवढं काय झालं गं सगुणा? भाकर संपली का?"

साहेब लालबुंद! म्हणाले, "लूकसबाबा! तुमच्यासारख्या माणसानं असं करावं? प्रभूचं वचन ठाऊक नाही तुम्हाला? किती जणांत हजर असेन म्हणालाय तो?"

बाबा डोळे पुसत म्हणाले, "दोघा-तिघांत, साहेब."

"मग पंचवीस कुणी सांगितले?"

बाबांनी वर पाहिलं. अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमी, साहेब."

मंडळी, तो साहेब मी होतो.

होय, मीच! हसू नका. पोट तेच आहे, बघून घ्या! आतापर्यंत "साहेब, साहेब" म्हणत होतो ते लाजेपोटी. तो पंचवीसचा नियम मी माझ्या हातानं लिहिला होता, पंख्याखाली बसून. बाबांची लबाडी चौतीस माणसांसमोर उघडी पडली. माझी तोवर कुणाला दिसलीच नव्हती! अरे, बाबांनी देवाच्या शब्दाला उसन्या माणसांचा टेकू दिला — आणि मी? मी देवाचा शब्दच बदलला होता. देव म्हणाला दोघं-तिघं पुरेत, मी म्हणालो, नाही देवा, तुला पंचवीस लागतील!

 मी रजिस्टर उघडलं, आधीचा आकडा खोडला, तीन लिहिलं. मग तिघांना प्रभुभोजन दिलं.  कोंडिबा आणि ती सगळी माणसं टोप्या काढून शांत बसून होती, एकही उठून गेलं नाही. हजारोंच्या सभा केल्यात मी. पण प्रभू इतका जवळ उभा आहे असं मला त्या तिघांत वाटलं, तसं आधी कधी वाटलं नव्हतं.

कचेरीत परत आलो आणि बैठकीत सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. एक म्हणाले, "पण नियम आहे ना?" मी म्हटलं, "नियम माझा आहे. वचन त्याचं आहे. कोणतं मोडायचं ते सांगा."  मग नियम मोडला! मंदिर राहिलं.

सणाला मी माझ्या पायानं त्या गावी गेलो, रजिस्टर न घेता. आदल्या शनिवारी दुपारी ट्रॉली आली. दार उघडं! प्रभाकर उतरला, धुळीनं माखलेला. मागून सून उतरली, आणि तिच्या कडेवर — होय! दोन महिन्यांचं बाळ! कोपीतच जन्मलेलं. बाबांना काय धरावं, काय सोडावं कळेना.

बाबा लपवणारे नव्हतेच आता. मुलाला सगळं सांगितलं — पत्र, उसनी माणसं, सगळं. प्रभाकर ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तिकडं आमची मानसं पांगली हुती, उसाच्या येगयेगळ्या फडावर. रविवारी कोपीत मी, ही, आन शेजारचा एक गडी, तिघंच असायचो. अंग मोडून पडायचं. वाटायचं, तिघांत कसली प्रार्थना करायची? झोपावं. मग ही म्हनायची — आवो, गावाकडं बी आत्ता तिघंच बसले असतील. मग उठून बसायचो."

बाबांनी मुलाला मिठी मारली. मी तोंड फिरवून घंटेकडं बघत उभा राहिलो, कारण पाळकानं रडलेलं लोकांना आवडत नाही.

बघा, मंडळी! जानेवारीत ज्या तीन माणसांची मला किंमत वाटली नाही, त्या तिघांच्या भरवशावर शेकडो मैलांवर दुसरे तिघं उठून बसत होते! प्रभू इथंही होता, तिथंही होता. वचन पुरं व्हायचं राहिलं नव्हतंच. ते दर रविवारी पुरं होत होतं, आम्ही दुसराच आकडा धरून बसलो होतो.

आता बोला. देवाला हातभार लावायचा की नाही? ताई, आता हलवा मान!

आणि तुम्ही सगळे. परवाच मला कुणी म्हणालं, "पाळकसाहेब, पोरं पुण्याला गेली, घरात आता प्रार्थना कसली, आम्ही दोघंच उरलो." दोघंच? अहो, दोघं पुरेत म्हणालाय तो! आणि ज्या घरात एकटीच आई आहे, एकटाच बाप आहे, त्यांनाही सांगतो. उद्या सकाळी चहा झाला की दारात या आणि शेजारणीला हाक मारा. एवढंच म्हणा, "ये गं, जरा बस माझ्याजवळ, प्रभूचं नाव घेऊ."

ती आली, बसली. दोन झाले. आता तो तिथं आहे.